‘त्या काळी साइड इफेक्ट नव्हते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या महिन्यात नेहमीच्या एक काकू दुकानात आल्या. दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप नेतात. या वेळी चिठ्ठीऐवजी त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. "भाऊ, आधी हे वाचा. आठ दिवस झाले, मी गोळी बंद केलीय."

मेसेजच्या वर तपकिरी काचेच्या जुन्या बाटलीचा फोटो होता. लेबलवर क्लोरोडाइन, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं एक खपाचं औषध. खाली मजकूर असा: ‘इंग्रजांच्या काळातली पेटंट औषधं सरकारने तपासलेली असत. ती शुद्ध वनस्पतीची होती. केमिस्ट डोळ्यांदेखत बनवून देई, भेसळीचा प्रश्नच नव्हता. औषध हा धंदा नव्हता, सेवा होती. गुण आला नाही तर पैसे परत. साइड इफेक्ट हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून आपले पणजोबा शंभरी गाठत. आजच्या गोळीसोबत दुष्परिणामांची हातभर यादी येते, यातच काय ते ओळखा.’

आठवडाभरात हाच मेसेज मला आणखी चार ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप केमिस्ट लोकांचाच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘पेटंट’चं बघू, कारण बाकीचा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. पेटंट औषधं म्हणून खपणाऱ्या बहुतेक मालाला पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर घटक आणि कृती उघड करावी लागते, आणि यांची सगळी कमाई कृती लपवण्यावर होती. म्हणून मंडळी नाव आणि लेबल जपत, आत काय आहे ते सांगत नसत. मग सरकारी शिक्का आला कुठून? करातून. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर स्टॅम्प ड्यूटी होती. एक शिलिंगाच्या, म्हणजे १२ पेन्यांच्या, डबीवर दीड पेनी. जुन्या जाहिरातींत ‘एक शिलिंग दीड पेनी’ अशी अर्धवट किंमत दिसते ती यामुळे. कर भरल्याची कागदी पट्टी डबीवर चिकटवलेली असे आणि विकणारे तीच सरकारी पसंतीची खूण म्हणून मिरवत. शेवटी ‘या स्टॅम्पचा अर्थ सरकारी हमी असा नाही’ हे स्टॅम्पवरच छापायची पाळी आली. दारूच्या बाटलीवरही एक्साइजचा स्टिकर असतोच की. तेवढ्यावरून ती प्रकृतीला चांगली, असं कुणी म्हणत नाही.

‘सेवा होती, धंदा नव्हता.’ बीचम्स पिल्सची जाहिरात बघा. पोटातला वायू, डोकेदुखी, चक्कर इथपासून ते भयानक स्वप्नांपर्यंत सगळ्यावर एकच गोळी, आणि डबी म्हणे ‘एका गिनीच्या मोलाची’, म्हणजे २१ शिलिंगांची. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून निकाल छापले. बीचम्समध्ये निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विक्री साडेतेरा पेन्यांना. भागाकार करून बघा, बरोब्बर १०८ पट. एक जपमाळ पुरी. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक. त्याने पोट साफ होतं हे घरातल्या कुठल्याही आजीने फुकट सांगितलं असतं.

दुसरे थॉमस हॉलोवे. मलम आणि गोळ्या विकून एवढे गब्बर झाले की १८८३ साली वारले तेव्हा जाहिरातींवरच वर्षाला पन्नासेक हजार पौंड जात होते. त्याच पैशातून त्यांनी लंडनजवळ मुलींचं मोठं कॉलेज बांधलं, ते आजही चालू आहे. चांगलं काम केलं, नाही कोण म्हणतो? पण एवढा पैसा सेवेतून उरत नाही.

आता ‘शुद्ध वनस्पती’. हा फोटो कुणी निवडला त्याचं मला नवल वाटतं, कारण क्लोरोडाइनमध्ये अफूचा अंश, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होता. अफू आणि गांजा वनस्पती आहेत, हे खरं. धोतराही वनस्पतीच आहे.

ही बाटली आपल्या मुलुखाशी जोडलेली असल्याने तिची हकीकत थोडी सांगतो. जॉन कॉलिस ब्राऊन हे इथल्या ब्रिटिश फौजेतले डॉक्टर. पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, उपाय म्हणून त्यांनी १८४८ च्या सुमारास हे मिश्रण केलं आणि १८५६ मध्ये विक्रीचे हक्क लंडनच्या डॅव्हनपोर्ट नावाच्या केमिस्टला दिले. मग नकला निघाल्या. फ्रीमन नावाच्या एकाने मूळ शोध आपलाच म्हणून सांगितलं, १८६४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी फ्रीमनची कहाणी धडधडीत खोटी ठरवली. पुढे कित्येक वर्षं न्यायाधीशांचं ते वाक्य क्लोरोडाइनच्या जाहिरातींत झळकत होतं. वाचणाऱ्याला वाटे, कोर्टानेच औषधाला पसंती दिली. कोर्टापुढे वाद होता तो शोध कुणाचा, एवढाच. पटकी बरी होते का, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ती बरी होत नव्हती. क्लोरोडाइनने कळा थांबत, जुलाब आटोक्यात आल्यासारखे वाटत, रोगी शांत पडून राही. अफू आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे साध्या हगवणीत खरोखर आराम पडे. औषधाचं नाव झालं ते यामुळेच, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. हालचाल मंदावली तरी आतड्यात पाणी झिरपायचं थांबत नाही. ते बाहेर दिसत नाही एवढंच.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की पाणी आणि क्षारांचं कोडं क्लोरोडाइनच्या १६ वर्षं आधी सुटलं होतं. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने १८३१-३२ च्या साथीत पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि गेलेलं पाणी व मीठ परत भरा असं लिहिलं. लगेच १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी थॉमस लॅटा यांनी रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं आणि मरणाला टेकलेले काही जण उठून बसले. सुई-पाणी निर्जंतुक करण्याची कल्पना तेव्हा नव्हती, बरेच रोगी नंतर दगावलेही, त्यामुळे उपाय मागे पडला. ओशॉनेसी कलकत्त्याला आले, मेडिकल कॉलेजात रसायन शिकवू लागले आणि १८३९ मध्ये त्यांनी गांजाच्या औषधी गुणांवर निबंध लिहिला. (पुढे हिंदुस्थानातल्या तारायंत्राच्या लाइनी टाकणारेही हेच गृहस्थ.) त्यांच्या निबंधामुळे गांजाचा अर्क विलायती डॉक्टरांच्या कपाटात गेला आणि तिथून क्लोरोडाइनच्या बाटलीत. एकाच माणसाने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी जगाने गांजा उचलला आणि मीठ-पाणी विसरलं. मीठ-पाण्याला गुप्त कृती नाही, लेबल नाही, १०८ पट नफाही नाही. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सलाइन पुन्हा आणलं तेव्हा मृत्यू बरेच घटले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी पाणी, मीठ, साखर तोंडावाटे द्यायला लावली आणि ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच ओआरएस आज माझ्या काउंटरवर सगळ्यात स्वस्त पाकिटांमध्ये पडलेलं असतं.

‘केमिस्ट डोळ्यांदेखत बनवून देई.’ देई, खरंच. डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली मिक्स्चरची बाटली मलाही आठवते. मुंबईत गोऱ्या साहेबांसाठी मोठाली केमिस्टची दुकानं होती. केम्प्स कॉर्नर हे नाव केम्प आणि कंपनीच्या अशाच दुकानावरून पडलं. पण डोळ्यांदेखत म्हणजे बिनभेसळ? १८५८ साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या वड्या बनवणाऱ्याने साखर वाचवण्यासाठी जिप्समची पूड मागवली. औषधविक्रेता आजारी होता. नवख्या नोकराने भलत्याच पिंपातून १२ पौंड पांढरी पूड मोजून दिली. तो सोमल होता, म्हणजे आर्सेनिक, जहाल विष. बाजारात वड्या खाऊन वीसेक माणसं मेली, दोनशेवर आजारी पडली. अशा गवगव्यांतूनच पुढे १८६८ चा फार्मसी कायदा आला. अफूसारखी विषारी द्रव्यं विकण्यावर बंधनं आली, मात्र त्यातून पेटंट औषधं वगळली! साध्या अफूच्या अर्काच्या बाटलीवर ‘विष’ लिहायचं, आणि तीच अफू ब्रँडच्या बाटलीत असली की नाही. आपल्याकडे औषधांच्या दर्जाचा देशव्यापी कायदा यायला १९४० साल उजाडलं. तोही बनावट आणि हलक्या औषधांच्या बोंबेनंतर नेमलेल्या रामनाथ चोप्रा समितीच्या अहवालामुळे.

‘साइड इफेक्ट नव्हते.’ इथे मात्र मला राग येतो. मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप हे १८४९ पासूनचं अमेरिकी औषध, दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी. त्यात दर औंसाला ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होतं. म्हणजे चहाच्या चमच्यात आठ-दहा मिलिग्रॅम. आज मोठ्या माणसाला वेदनेसाठी तोंडाने मॉर्फिन सुरू करतात ते साधारण एवढंच, तेही डॉक्टरच्या नजरेखाली. बाळ शांत झोपे. काही बाळं उठत नसत. इंग्लंडच्या गिरणीगावांत गॉडफ्रीज कॉर्डियल, म्हणजे काकवीत कालवलेली अफू, हेच काम करी. आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया तान्ह्याला अफूची बाळागोळी चाटवून पाळीवर जात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरबाईंना जवळजवळ घरोघर हेच दिसलं. त्या आयांना बोल लावणं सोपं आहे. बाळाजवळ बसलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार होतं?

दात येतानाच्या पुड्यांची गोष्ट आणखी लांबते. त्यांत कॅलोमेल असे, म्हणजे पाऱ्याचा क्षार. लहान मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलपटायचे, उजेड सहन व्हायचा नाही, पोर सारखं किरकिरायचं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या हॅरी स्विफ्ट यांनी १९१४ मध्ये हा आजार नीट वर्णन केला, पण कारण कुणाला लागेना. १९४० च्या दशकात पाऱ्यावर संशय पक्का झाला, १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या पुड्यांतून पारा गेला आणि आजारही जवळपास नाहीसा झाला. शंभर वर्षं तो दुष्परिणाम आयांच्या मांडीवर होता, लेबलवर नव्हता.

‘गुण नाही आला तर पैसे परत’ यावर कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला गाठा. कार्बोलिक स्मोक बॉल हा त्याला पाठ असतो. रबराचा चेंडू, आत कार्बोलिक ॲसिडची पूड, नाकाशी धरून दाबायचा. दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ आणि खात्रीसाठी १,००० पौंड बँकेत ठेवलेत, अशी १८९१ ची जाहिरात. लुइझा कार्लिल बाईंनी जवळजवळ दोन महिने रोज तीनदा चेंडू वापरला आणि जानेवारी १८९२ मध्ये फ्लूने पडल्या. कंपनी कोर्टात म्हणाली, ती नुसती फुशारकी होती, मनावर घ्यायची नव्हती. बाई जिंकल्या. कंपनीने पुढच्या जाहिरातीत बक्षीस २०० पौंड केलं आणि खाली अटींची शेपटी जोडली.

शंभरीचं थोडक्यात. १९०० च्या आसपास हिंदुस्थानात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आतबाहेर होतं, कारण बरीच पोरं पाच वर्षांच्या आतच जात. आपल्या घराण्याची जुनी वंशावळ काढा. त्यात एखादा दगडू, धोंडू किंवा केरू सापडेल. आधीची दोन-तीन गेली, हे तरी जगावं, काळाची दृष्ट पडू नये म्हणून ठेवलेली नावं ती.

राहिली दुष्परिणामांची हातभर यादी. काकूंना हे सगळं मी सांगितलं नाही, एवढा वेळ गिऱ्हाईक उभं राहत नाही. मी फक्त त्यांच्या गोळीच्या खोक्यातलं पत्रक काढलं, उलगडलं आणि म्हटलं, घाबरवतंय ना, मग चला, एकदा वाचूनच टाकू. त्यांनी चष्मा चढवला. अक्षर बारीक आणि इंग्रजी, त्यामुळे मी वाचत होतो, त्या मान हलवत होत्या. चक्कर, नाही. पायाला सूज, नाही. पुरळ, नाही. सतत कोरडा खोकला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हा मला दोन महिने होता. गेल्या तीन-चार दिवसांतच कमी वाटतोय."

त्या खोकल्यासाठी त्या माझ्याकडूनच सिरप नेत होत्या. दोन बाटल्या नेल्या होत्या, मीही कधी विचारलं नव्हतं. मी पत्रकावरच्या त्या ओळीखाली पेनने रेघ मारली, आठ दिवस गोळी बंद असल्याचं चिठ्ठीवर लिहिलं आणि त्यांना संध्याकाळीच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. या महिन्यात तीन स्ट्रिप नव्या गोळीच्या नेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, तो कागदही द्या बरोबर."