दादा, तुमच्या कमेंटला उत्तर (जरा मोठं झालंय)

दादा, सलाम. तुमची कमेंट परवाच वाचली, लगेच उत्तर टाईप केलं होतं पण पुसून टाकलं, कारण तुमच्या रागाच्या खाली काय आहे ते दिसत होतं आणि घाईत काहीतरी लिहून ते वाढवायचं नव्हतं. मुलीला नर्सिंगच्या होस्टेलला सोडून आल्यावर मी लिहिलं होतं की तिला देवाच्या हातात देऊन आले. त्यावर तुम्ही म्हणताय की हा पळपुटेपणा आहे, देवाचं नाव घ्यायचं आणि जबाबदारी झटकायची. आणि तुमच्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगा गेला, तिनेही रात्र रात्र प्रार्थना केली होती, मग तिचा विश्वास कमी पडला का?

नाही पडला. हे आधी सांगते. तिला असं कुणी मंडळीतल्यांनी, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, म्हटलं असेल तर त्यांनी देवाच्या नावावर तिला जखम केलीय. पंडिता रमाबाईंचं बघा ना, दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा कॉलऱ्याने गेला, आणि एकुलती एक लेक मनोरमा, जिच्यावर रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या कामाची सगळी भिस्त होती, ती 1921 साली 40 व्या वर्षी आईच्या आधी गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या, तोवर मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नव्हतं. रमाबाईंचा विश्वास कमी पडला म्हणून मनोरमा गेली असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता माझं. ही मुलगी आठव्या महिन्यात झाली, तेराशे ग्रॅम. 26 दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. इतकी लहान बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात, मशीन वाजलं की सिस्टर पळत येऊन तळपायाला टिचकी मारायची आणि ही परत श्वास घ्यायची. मी कोपरापर्यंत हात धुवून आत जायचे, दूध काढून द्यायचे, नंतर नंतर छातीशी धरून तास तास बसायचे. प्रार्थना ह्या सगळ्यात चालूच असायची, त्यासाठी वेगळी वेळ नव्हती. शेजारच्या काचेतलं बाळ नवव्या दिवशी गेलं. आणि त्याच्या आईसमोर माझी एक नातेवाईक मला म्हणाली, बघ, तुझ्या विश्वासाने तुझी वाचली. मी गप्प बसले दादा. ते गप्प बसणं मला आजही टोचतं, म्हणून तुमची कमेंट मला परकी वाटलीच नाही.

पळपुटेपणाचं म्हणाल तर मला बायबलमधल्या मोशेची आई आठवते. इजिप्तच्या राजाने, फारोने, इस्राएली लोकांचे नवे जन्मलेले मुलगे मारायचा हुकूम काढला, तेव्हा तिने आपलं बाळ पेटाऱ्यात घालून नदीवर ठेवलं. संडे स्कूलच्या चित्रांत तो पेटारा नाईलच्या धारेत वाहत चाललेला असतो, पण बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तसं नाहीये, तिने तो काठाजवळच्या लव्हाळ्यात ठेवला. त्याआधी तीन महिने बाळ लपवलं, मग पेटाऱ्याला राळ आणि डांबर लावलं, पाणी आत येऊ नये म्हणून, आणि थोरल्या बहिणीला लांबून नजर ठेवायला उभं केलं. जे जे हाताने होण्यासारखं होतं ते सगळं केलं तिने. त्यापुढे नदी होती आणि फारोची मुलगी काय करेल हे तिच्या हातात नव्हतं. मी देवाच्या हातात दिलं म्हणते ते एवढ्या पुढच्या भागाबद्दल. डांबर मलाच लावायचंय, मुलीच्या लसी झाल्यात, होस्टेलच्या वॉर्डनचा नंबर माझ्याकडे आहे, रात्री उशिरा एकटीने रिक्षात बसायचं नाही हे तिला दहादा सांगितलंय.

आणि तिला काहीच होणार नाही अशी गॅरंटी देवाने मला दिलेली नाही, मी तशी मागतही नाही आता. ती माझ्याआधी त्याची आहे एवढं धरून झोपते. कधी कधी झोप लागत नाही, तेव्हा स्तोत्रं वाचते.

तुमच्या बहिणीला मी काही शिकवायला जाणार नाही. त्यांना चालणार असेल तर बाळाचं नाव मला मेसेजमध्ये कळवा, मी मंडळीत सांगणार नाही, घरीच नाव घेऊन प्रार्थना करेन. आणि नको असेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.