काका, डोकं सोडा

उजव्या कानामागून निघायचं, टाळूला वळसा घालायचा आणि उजव्या भुवईवर येऊन ठाण मांडायचं. माझ्या डोकेदुखीचा रस्ता ठरलेला होता. डावीकडे ती चुकूनही फिरकली नाही. दुपारी बँकेत व्हाउचरं तपासताना सुरू व्हायची आणि रात्री ताटावर बसेपर्यंत सोबत असायची.

आपल्याकडे डोकं एकाचं दुखतं आणि निदान दहा जण करतात. बायकोच्या मते पित्त. आईच्या मते दृष्ट. (यांना कोण दृष्ट लावणार, ही शंका बायकोनंच काढली.) बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मते जगातलं झाडून सगळं दुखणं सायनसमध्ये उगम पावतं. चष्मेवाल्यानं नंबर तोच आहे असं सांगितलं आणि तरीही फ्रेम बदलून दिली. आलेपाक झाला, सुंठीचा लेप झाला. बामचा वास अंगाला इतका मुरला की लिफ्टचं दार उघडायच्या आत शेजारी विचारायचे, "काय, आज पण?"

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी बीपी पाहिलं, मायग्रेनचे प्रश्न विचारले आणि मग बोलता बोलता मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या कडेखाली अंगठा रुतवला. माझी उजवी भुवई ठणकली. अंगठा मागे आणि कळ पुढे!

"तुमचं डोकं उत्तम आहे," ते म्हणाले. "मान बिघडलीय. फिजिओथेरपीला जा."

यातलं पहिलं वाक्य आमच्या घरी कोणी मान्य केलेलं नाही.

फिजिओ मॅडम माझ्या मुलीहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी सांगितलं, की मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या तक्रारी आणि कपाळ-डोळ्यांच्या मज्जातंतूच्या तक्रारी मेंदूच्या बुंध्याशी एकाच जागी नोंदवल्या जातात. म्हणजे विंगा दोन आणि वॉचमन एक. ए विंगमधली गळती त्याने बी विंगच्या रजिस्टरात लिहिली, की प्लंबर बिचारा बी विंगच्या भिंती फोडत बसतो. एवढा बाम कपाळावर गेला तो असा. या दुखण्याला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' हे नाव १९८३ साली नॉर्वेतल्या शोस्टाड नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने दिलं म्हणे. त्याआधी नॉर्वेतही पित्तच म्हणत असणार.

मग परीक्षा झाली. उताणं झोपवून मॅडमनी माझं डोकं उचललं, हनुवटी छातीला टेकवली आणि तशीच मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. मान अशी पूर्ण वाकवली, की वळण्याचं काम मुख्यतः पहिल्या दोन मणक्यांमध्येच होतं. चांगली मान दोन्हीकडे साधारण ४५ अंश वळते. माझी डावीकडे छान गेली. उजवीकडे २५ वर अडली. पहिल्या मणक्याचं नाव अ‍ॅटलास, आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक देवावरून ठेवलेलं. माझ्या अ‍ॅटलासवर आकाश नाही, साडेचार-पाच किलोचं डोकं आहे, तेवढंही त्याला झेपेना.

आता मान म्हटली की मला आवाज अपेक्षित होता. आमच्या नाक्यावरचा सलूनवाला दाढी झाली की डोकं दोन्ही हातांत धरून असं कटकन मोडतो, की बाकावर बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा माना चोळतात. मॅडमना हे सांगितलं तर त्या हातातली फाइल ठेवून माझ्याकडे वळल्या. अशा हिसक्यानं मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघातावर जातं. सलून बंद, निदान मानेपुरतं. सलूनवाला अजून माझ्याशी तुटक बोलतो.

मॅडमच्या उपचाराला आवाजच नाही. पालथं झोपवून त्या दोन अंगठे मणक्यावर ठेवतात आणि हळूहळू, एका लयीत दाबत राहतात. इतकं अलगद, की पहिल्यांदा मला वाटलं अजून सुरुवात व्हायची आहे. मग एक अंगठा नेमका त्या जागी आला आणि भुवई पुन्हा ठणकली. "हीच ना?" मॅडम आनंदानं म्हणाल्या. आपली वेदना सापडल्याचा दुसऱ्याला इतका आनंद झालेला मी प्रथमच पाहिला.

पण खरी कसोटी पुढे होती. पुन्हा उताणं. मॅडम डोक्याशी बसल्या, बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली लावली आणि म्हणाल्या, "काका, डोकं सोडा."

"सोडलं."

"नाही सोडलंत. सगळं वजन माझ्या हातावर येऊ द्या."

"आलं की."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. जरा वेळानं विचारलं, "आता हे कोणी धरलंय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांनी हात केव्हाच काढून घेतले होते आणि माझं डोकं टेबलापासून चार बोटं वर हवेत तरंगत होतं. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सहीशिवाय काही दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, त्याला मी काय करू?

पडद्यापलीकडून गुडघ्याला शेक घेणाऱ्या एक आजी ओरडल्या, "सोड रे बाबा, ती काय घरी नेणारेय तुझं डोकं?"

घरचा अभ्यास निराळा. मुलिगन नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टची एक युक्ती आहे. कवटीखाली टॉवेलची कड लावायची, एक टोक छातीशी धरायचं, दुसरं गालाजवळून पुढे ओढायचं आणि अडलेल्या बाजूला मान वळवायची. दुखलं तर थांबायचं. टॉवेलच्या जागी मी पंचा घेतला. आरशासमोर गळ्याभोवती पंचा आवळून डोळे मिटलेला मुलगा पाहून आई जे किंचाळली, त्यानं खालच्या मजल्यावरचे वर आले. दुसरा व्यायाम क्लिनिकमध्ये, मानेखाली बीपीच्या पट्ट्यासारखी हवेची पिशवी ठेवून. हनुवटीनं इवलासा होकार द्यायचा, काटा २० वरून २२ वर न्यायचा आणि तिथेच धरायचा. माझा थेट ४० वर गेला. "इतकं 'हो' नको, काका." घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मला कधी २२ पण दिसलं नाही."

मी व्यायामाला टाळाटाळ करतो असं दिसलं, की मॅडम ऑस्ट्रेलियातला २००२ सालचा अभ्यास काढतात. २०० रुग्ण, सहा आठवड्यांचे उपचार. हातानं केलेल्या उपचारांनीही फरक पडला, व्यायामानंही पडला, आणि तो वर्षभर टिकला. त्या दोनशे जणांत पंचा लावलेला कोणी नसणार, एवढंच मी म्हणतो.

डोकं सुटलं ते मात्र आजींमुळे. एकदा मॅडमची बोटं कवटीखाली होती आणि पलीकडे आजी आपल्या जावेची गोष्ट सांगत होत्या. सासूबाई गेल्याच्या तेराव्याला जावेनं तांब्याचा बंब न विचारता टेम्पोत चढवला. "मी दारातच उभी राहिले! म्हटलं, बंब जाईल तर माझ्यावरून जाईल..." माझं लक्ष सगळं त्या टेम्पोत. मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, थांबू नका, बोलत राहा. काकांनी सोडलं."

तेव्हापासून मी आजींच्या वेळेलाच वेळ मागून घ्यायचो. दर खेपेला बंब थोडा पुढे सरकायचा आणि शेक संपल्याची घंटी वाजायची. माझी मान उजवीकडे ३८ अंशांपर्यंत आली, भुवईचं दुखणं आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलं. आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी असतानाच आजींचा गुडघा बरा झाला.

परवा मॅडम म्हणाल्या, "काका, पुन्हा धरून ठेवताय." निघताना मी रिसेप्शनवर सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आजींचा दुसरा गुडघा कसा आहे?