जरा मोठ्यानं बोल नं बे!

सिनेमातले संवाद प्रेक्षकाला सहज कळावेत की नाही, यावर एसीत बसणाऱ्यांनी खुशाल वाद घालावा. आमच्या विदर्भातल्या खेड्यात मार्च ते जून कूलर असतो, आणि कूलर सुरू ठेवून सिनेमा पाहणं म्हणजे चालू थ्रेशरशेजारी बसून सोयरीक जुळवणं.

कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत एक्झॉस्टचा पंखा आणि तळाला पाण्याचा पंप. पंप बिचारा गरीब, सगळा दंगा पंख्याचा. त्याचा आवाज जाडा-बारीक सगळीकडे पसरतो. आता माणसाच्या बोलण्यात जोर असतो स्वरांना. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांवरून, आणि त्यांची खूण बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, पट्ट्यात असते. स आणि श तर त्याहूनही वर जातात. ही व्यंजनं मुळातच अशक्त, कूलर आधी त्यांनाच गिळतो. पडद्यावरची सासू गरजते, "तू माझी सून नाहीस!" खाटेपर्यंत पोचतं, "ऊ आई ऊ आई." बाईला विंचू चावला असं समजून अर्धं घर हळहळतं.

त्यात हल्लीच्या नटांना कुजबुजायची भारी हौस. कुजबुजताना स्वरतंतू कंपतच नाहीत, नुसती हवा सुटते. म्हणजे तिकडेही हवा, इकडेही हवा. खून कोणी केला हे नायिकेनं कानात सांगितलं, तर ते आमच्याकडे मृग लागेपर्यंत गुपितच राहतं. मग आवाज चाळीसवर न्यावा, तर पुढच्याच क्षणी गोळीबार सुरू होतो आणि गोठ्यातली गाय दावं तोडते.

होम थिएटर असेल त्या घरची कथा और. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि जाड्या आवाजाचा एक डबा अशा, आवाजात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरलाच दिलेले असतात. उंदराला हे ठाऊक असावं, कारण तो नेमकी तीच वायर कुरतडतो. मग ढोल वाजतो, घोडे दौडतात, नायक तोंड हलवतो, पण ब्र निघत नाही. अशा वेळी सेट फोडू नये. सेटिंगमध्ये जाऊन ५.१ चं स्टिरिओ करावं. मधला आवाज साधारण ३ डेसिबल कमी होऊन डाव्या-उजव्यात मिसळतो आणि नायकाला वाचा फुटते. नुसत्या टीव्हीवरही हीच सेटिंग एकदा पाहून घ्यावी. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर मागं तोंड करून असतात, म्हणजे संवाद आधी भिंतीला ऐकवायचे आणि उरले तर आपल्याला.

तालुक्याच्या टॉकीजमध्ये तरी सुख आहे का? आवाजाची मोजणी करून तिथला व्हॉल्यूमचा खटका ७ वर ठेवायचा, हे ठरलेलं. पण स्फोटानं पोरं रडली की तक्रार येते, ऑपरेटर तो ५ वर आणतो, आणि स्फोटाबरोबर बोलणंही खाली बसतं. सिनेमाचे सगळे आवाज जुळवून मूळ मिक्सिंग करणाऱ्यांनी तोवर तो संवाद इतक्यांदा ऐकलेला असतो, की तो पुसून टाकला तरी त्यांना ऐकू येईल. माझं म्हणणं असं की मिक्सिंग झालं की गावातल्या एखाद्या बुढ्याला बोलवावं आणि एकदाच ऐकवावं. "काय म्हने थो?" असं त्यानं विचारलं, की परत कामाला लागावं.

भाषा सोपी करा असं मात्र मी म्हणणार नाही. वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की "प्रेक्षकांना कळेल का?" ही काळजी लगेच सुरू होते, आणि त्याला विनोदी करून टाकतात. आम्ही जन्मभर पुण्याची मराठी बिनतक्रार ऐकून राह्यलो, तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही! बोली कितीही गावरान असू द्या, शब्द धडपणे कानावर आला की दहा मिनिटांत कान बसतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात वर माईक लोंबतात. मरणारा नटही आधी माईकखाली येतो, बोलायचं ते खणखणीत बोलतो आणि मगच पडतो. जुना भोंगाही या कामाला चोख. ढोलाचा जाडा आवाज त्याला पेलतच नाही, पण बोलण्याचा पट्टा तो शेताच्या धुऱ्यापर्यंत फेकतो.

उपाय एवढेच: कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि खिळखिळ्या जाळीला पाचर ठोका. पंखा कमी स्पीडवर घ्या, पंप चालू राहू द्या. टीव्हीसमोरच्या सिमेंटच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. मातीच्या भिंतीला तिची फारशी गरज नाही, टिनाच्या घरात मात्र दोन लागतील. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' असेल तर लावा आणि 'सराउंड' बंद करा.

एवढं करूनही जमलं नाही, तर सबटायटल. पण ते बहुतेक इंग्रजीत, आणि वाचणारा घरात एकच, नातू. त्याचं लक्ष मॅचकडे. पडद्यावर नायक आईचा पदर धरून तीन ओळी बोलतो.

"काय म्हनते रे थो?" आजी विचारते.

"जातो म्हनते."

"मंग बुढी कायले रडून राह्यली?"

"डबा इसरला त्यानं."