प्रिंटेड दातांना एकटी कॉफी डागाळत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. थ्रीडी प्रिंटेड कॅप किंवा कवळी बसवली असेल तर चहा-कॉफी कायमची सोडा, महिन्याभरात दात पिवळे पडतात. कोला तर मटेरियलच विरघळवतो. आणि डाग पडलाच तर कोळशाच्या पावडरने जोर लावून घासा. मी डेंटल लॅबमध्ये रोज अशा कॅप्स हाताळते. यातलं थोडं खरं आहे, पण शेवटचा सल्ला पाळणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून लिहायला बसले.

‘प्रिंटेड मटेरियल डाग धरतंच.’ हे अर्धं खरं आहे. हे मटेरियल म्हणजे रेझिन, एक प्रकारचं प्लास्टिक. ते प्रकाशाने घट्ट होतं, पण प्रिंटरमध्ये ते पुरतं घट्ट होत नाही. बाहेर काढल्यावर अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशाच्या पेटीत ठेवावं लागतं. तरीही थोडा मोनोमर, म्हणजे घट्ट न झालेला कच्चा घटक, सुटा राहतो. अशा रेझिनमध्ये पाणी मुरतं आणि त्याच्यासोबत रंगही. कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली बनलेल्या ठोकळ्यातून कोरलेली कॅप म्हणूनच सहसा कमी रंगते. हे मला मान्य आहे.

पण त्याच रेझिनच्या, त्याच प्रिंटरवरच्या दोन कॅप्स वेगळ्या वागतात, त्याचं काय? नुकती छापलेली दाढेची कॅप भिंगाखाली धरली की उतारावर बारीक पायऱ्या दिसतात. एकेक थर साधारण ५० किंवा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). छापताना लागणाऱ्या आधाराच्या काड्या तोडलेल्या जागी टोचणारे उंचवटे असतात. पॉलिश नीट झालं तर हे सगळं जातं. घाईत फक्त दर्शनी बाजू चमकवली आणि हिरडीजवळची कड तशीच सोडली, तर पुढे तपकिरी रेघ नेमकी त्या कडेला उमटते. गालाकडची चकचकीत बाजू तेव्हाही बऱ्यापैकी स्वच्छ असते. कॉफी दोन्हीकडे सारखीच पोचलेली असते.

‘महिन्याभरात पिवळे.’ प्रयोगांत नमुने कॉफीत सलग बुडवून ठेवतात. २४ तास बुडवणं म्हणजे अंदाजे महिनाभर कॉफी पिणं, असा हिशेब बऱ्याच अभ्यासांत धरलेला असतो. तोंडात मात्र लाळ असते, ब्रश फिरतो, घोट काही क्षणांत खाली जातो. शिवाय यंत्राने नोंदवलेला प्रत्येक रंगबदल डोळ्याला खटकेलच असं नाही.

‘कोला सगळ्यात वाईट.’ इथे आम्ल आणि रंग यांची गल्लत झाली आहे. कोलाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २.५ च्या आसपास असतो आणि ५.५ च्या खाली खऱ्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, विरघळू लागतं, कारण ते खनिज आहे. रेझिन तसं खनिज नाही. आम्लाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू खराब होऊ शकतो, पण डागांच्या बाबतीत कॉफी आणि रेड वाइन सहसा कोलाच्या पुढे असतात. वाइनमधलं अल्कोहोल रेझिन मऊ करतं, मग रंगाला वाट मिळते. चहाचा रंग बराचसा वरच्यावर बसतो, कॉफीचा पिवळा अंश आतही शिरतो. कोला कमी प्याच, पण कॅपशेजारच्या खऱ्या दातासाठी.

आता पावडरने घासणं. हे कृपा करून करू नका. पृष्ठभागाचा सरासरी खरखरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचू लागतो, हा दंतवैद्यकात सर्रास वापरला जाणारा निकष आहे. ओरखड्यांनी तो सहज ओलांडला जातो. आजचा डाग निघेल, पण पुढचा त्याच ओरखड्यांत बसेल आणि हिरडीलाही त्रास होईल. मऊ ब्रश, साधी पेस्ट आणि कॉफीनंतर पाण्याची एक चूळ एवढं घरी पुरतं.

कॅप जिभेला खरखरीत लागत असेल तर ती दंतवैद्याकडून पुन्हा पॉलिश करून घ्या. वरवरचा डाग त्यात निघून जातो. आत मुरलेला निघत नाही, पण मूळ डिझाइनची फाइल लॅबने जपून ठेवली असेल तर पुन्हा माप न देताही तीच कॅप नव्याने छापता येते.