शोभराजचं कौतुक आता पुरे

सत्तरच्या दशकात पर्यटकांना लुटून मारणाऱ्या चार्ल्स शोभराजवरचा एक मजकूर सारखा फिरतो आहे: त्याने फक्त श्रीमंतांना गंडवलं, प्रत्येक तुरुंगाला तो पुरून उरला, गोव्यात मुद्दाम सापडला आणि शेवटी निर्दोष सुटला. हे वाचून खाली लोक ‘काय डोकं!’ असं लिहितात, तेव्हा संताप येतो.

श्रीमंतांचं आधी बघू. १९७१ मध्ये दिल्लीच्या अशोका हॉटेलातल्या जवाहिऱ्याला त्याने लुटलं, हे खरं. पण १९७५-७६ मध्ये जे जिवानिशी गेले, ते पाठीवर पिशवी टाकून आशिया बघायला निघालेले तरुण होते. रत्नांचा व्यापारी म्हणून ओळख काढायची, बँकॉकच्या घरी राहायला बोलवायचं, पेयात औषध मिसळून आजारी पाडायचं आणि मग आपणच शुश्रूषा करायची, ही त्याची रीत. अंथरुणाला खिळलेला माणूस उलट त्याचेच आभार मानायचा. तोवर पासपोर्ट आणि ट्रॅव्हलर्स चेक त्याच्या ताब्यात गेलेले असत.

एक डच जोडपं असंच त्याच्याकडे उतरलं. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांचे जळालेले मृतदेह सापडले आणि आधी भलत्याच कुणाचे समजले गेले. इकडे शोभराज आणि त्याची साथीदार त्याच दोघांचे पासपोर्ट घेऊन काठमांडूला पोचले. तिथे आणखी दोन पर्यटक मारले गेले, एक अमेरिकन तरुणी आणि एक कॅनडाचा तरुण. डच जोडप्याची पत्रं येईनाशी झाली म्हणून घरच्यांनी चौकशी केली आणि बँकॉकच्या डच वकिलातीतला तरुण अधिकारी हर्मन निपेनबर्ग कामाला लागला. दातांच्या नोंदींवरून ओळख पटली. पुढे वर्षानुवर्षं त्याने पुरावे जपून ठेवले. डोक्याचं कौतुक करायचंच, तर या माणसाचं करा.

शोभराजची हुशारी म्हणाल तर १९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच पर्यटकांच्या गटाला त्याने पोटासाठी म्हणून गोळ्या दिल्या. त्या भलत्याच लवकर लागू पडल्या, माणसं हॉटेलातच कोसळू लागली आणि शुद्धीवर असलेल्यांनी त्याला धरून ठेवलं. बँकॉक पोलिसांनी त्याआधी त्याला चौकशी करून सोडून दिलं होतं. कागदी पासपोर्टवर फोटो बदलता येत होता, एका देशाची खबर दुसऱ्या देशात पोचायला आठवडे लागत होते. त्याचं यश बरंचसं या ढिलाईवर उभं होतं.

पुढे त्याला ठेवलेल्या दिल्लीच्या तिहार तुरुंगातून मार्च १९८६ मध्ये तो पळाला, तोही पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून. तीन आठवड्यांत मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये त्याला पकडलं. १९७१ मध्ये त्यांनीच त्याला अटक केली होती, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. मुद्दाम सापडला म्हणता? पळाल्याबद्दल भारतातली शिक्षा वाढावी आणि थायलंडच्या वॉरंटची २० वर्षांची मुदत इथेच सरावी, हा त्याचा हिशेब होता असं मानलं जातं. तसं असेल, तर तिकडच्या मृत्युदंडाला घाबरून त्याने तुरुंग पत्करला. यात शौर्य कुठलं?

आणि निर्दोष? २००३ मध्ये तो आपल्या पायांनी काठमांडूला गेला आणि कॅसिनोत पकडला गेला. काठमांडूतल्या त्या अमेरिकन तरुणीच्या खुनासाठी २००४ मध्ये जन्मठेप झाली, २०१० मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कॅनडाच्या तरुणाच्या खुनातही २०१४ मध्ये तो दोषी ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला सोडलं ते वय आणि प्रकृती पाहून. दोन्ही खुनांचे निकाल आजही तसेच उभे आहेत.