‘गणीत’ शिक्षक घडवण्याची सोपी पद्धत

मार्च जवळ आलाय आणि कंपनीकडे सामाजिक जबाबदारीचे पैसे उरलेत? किंवा तुमची एक संस्था आहे, दोन लॅपटॉप आहेत आणि ग्रामीण शिक्षणाविषयी अपार तळमळ आहे? मग गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचा व्यावसायिक विकास करायला घ्याच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास विकसित व्हायला सांगितलंय, त्यामुळे गिऱ्हाईक पळून जाण्याची भीती नाही. मी मागच्याच आठवड्यात तीन दिवस विकसित होऊन आलोय. अंगावर अजून लेबल आहे तोवर चार अनुभवाच्या गोष्टी सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, भागीदारी हवी. एकट्यादुकट्याने शिक्षक घडवायचे दिवस गेले. कंपनीने पैसे द्यावेत, संस्थेने स्लाइड द्याव्यात, खात्याने आदेश द्यावा आणि शिक्षकांनी रविवार द्यावा. सामंजस्य करारावर सह्या मात्र पहिल्या तिघांच्याच लागतात.

मग बॅनर. त्यावर सात लोगो बसवा. उरलेल्या जागेत विषय लिहा. आमच्या बॅनरवर जागा कमी पडली तरी णीला दीर्घ वेलांटी बसली होती: ‘गणीत व विज्ञान शिक्षक सक्षमीकरण’. एका बाईंनी दबक्या आवाजात दाखवून दिलं तर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारे, हसून म्हणाले, “भावना समजून घ्या, मॅडम.” पटलं मला. सहामाहीच्या उत्तरपत्रिका मी आता याच तत्त्वावर तपासणार आहे.

स्थळ म्हणून मंगल कार्यालय उत्तम. खुर्च्यांना फिती बांधलेल्या असतात, स्टेजवर आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा असतात, हार-तुऱ्यांचा खर्च वाचतो.

तारीख ठरवताना चाचणीचा आठवडा गाठा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान मिळून निदान एक शिक्षक असावा लागतो, आणि आमच्याकडे कायदा तंतोतंत पाळतात: एकच आहे, तो मी. मी तीन दिवस कार्यमुक्त झालो की तिन्ही वर्गांचं गणितही कार्यमुक्त. मुलांनी तेवढ्यात मैदानातलं गवत काढलं. तेही कृतियुक्त शिक्षणच.

सुरुवात फुग्यांनी करा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या गुरुजींच्या पायाला फुगा बांधून तो दुसऱ्याने फोडायचा, याला ऊर्जा निर्माण करणं म्हणतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे आम्ही शाळेत शिकवतो, पण इतक्या सकाळी वाद कोण घालणार? त्यानंतर पावसाची टाळी. एका बोटाची, दोन बोटांची, मग धो धो. पुन्हा एकदा, मागच्या रांगेचा आवाज आला नाही.

हजेरी क्यूआर कोडने घ्या. रेंज नसलेल्या जागी घेतली तर अर्धा दिवस छान जातो.

शिकवायला माणसं कशी तयार करायची, हा प्रश्न तर कधीच सुटलाय. राज्यातल्या काहींना पाच दिवस शिकवायचं, त्यांनी जिल्ह्यातल्यांना तीन दिवस, त्यांनी तालुक्यातल्यांना जमेल तसं. राज्याला दही, जिल्ह्याला ताक, तालुक्याला भांडं विसळलेलं पाणी. आमच्यासमोर जे उभे होते ते बिचारे भाषेचे शिक्षक. गणिताची साधनव्यक्ती निवडणुकीच्या कामावर गेली म्हणून ऐनवेळी यांना उभं केलेलं. अपूर्णांकांच्या स्लाइड त्यांनी इतक्या आदराने वाचल्या, जणू पसायदानच. त्यांच्यावर माझा राग नाही. मलाही उद्या कुणी संस्कृतच्या वर्गावर उभं करील.

जेवणात गुलाबजाम ठेवा आणि अभिप्रायाचा फॉर्म त्यानंतर लगेच वाटा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: शंका. शिक्षक ही जात शंका विचारते, तेव्हा तयारीत राहा. भिंतीवर एक मोठा कागद लावा, वर ‘शंकातळ’ असं काहीतरी गोड नाव लिहा आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटा. कुणी हात वर केला की प्रेमाने म्हणायचं, “खूप छान प्रश्न सर, चिठ्ठीवर लिहून लावा, शेवटच्या सत्रात घेऊ.” मीही लावली. माझ्या सातवीतल्या एका पोराने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं. वर वर, खाली खाली, केली बेरीज. हे दर वर्षी अर्धा वर्ग करतो, त्यात नवीन काही नाही. मी त्याला लसावि काढून दाखवला, ५/६ आणून दाखवले. तो म्हणाला, “सर, काल मी आधी दोन चेंडूंत एक चौकार मारला, मग तीन चेंडूंत एक. पाच चेंडूंत दोनच झाले की नाही?” झाले. खरंच झाले. पोरगं चुकलेलं नव्हतं, ते वेगळीच गोष्ट मोजत होतं, आणि ती कुठं वेगळी पडते हे बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत कसं सांगायचं ते मला फळ्यासमोर उभं राहून सुचेना. वीस वर्षं हे शिकवतोय मी! मला स्लाइड नको होती, रोबोट नको होता, टाळी तर मुळीच नको होती. गणित जाणणारं एक माणूस आणि अर्धा तास हवा होता. शेवटच्या सत्रात काय झालं? मान्यवर उशिरा आले, चौघांची भाषणं झाली, प्रमाणपत्रं वाटली. शंकातळ तळालाच. आणि परवा त्या भागीदारीचा रंगीत अहवाल ग्रुपवर आला, तर त्यात अख्ख्या पानभर माझ्या चिठ्ठीचा फोटो! खाली ओळ: ‘शिक्षकांचा उत्स्फूर्त सहभाग’. प्रश्न स्वच्छ वाचता येतोय. छापणाऱ्याने वाचला नाही, वाटणाऱ्यानेही वाचला नाही.

साहित्याची पेटी द्यायला विसरू नका. ती शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला चढते, कपाटात जाते, आणि काचेचं काही फुटलं तर वसुली कुणाकडून होणार हे ठाऊक असल्याने कायम नवी राहते.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दोन्ही घ्या. दुसऱ्या चाचणीची उत्तरं दहा मिनिटं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली की आमचा विकास आलेखावर सरळ वर चढताना दिसतो.

पुढच्या वर्षी नवीन भागीदार आणा. जुन्याने काय केलं हे त्याला सांगू नका.

आणि चुकूनही होशंगाबादकडे (आताच्या नर्मदापुरमकडे) पाहू नका. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ अशा दोन संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ तिथं येऊन गावच्या मास्तरांच्या शेजारी बसून प्रयोग करायचे. मास्तर म्हणाले प्रयोग जमत नाही, तर प्रयोग बदलायचा. शिबिरावर गोष्ट संपत नव्हती. दर महिन्याला शिक्षक एकत्र बसून वर्गात काय अडलं ते बोलायचे. आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला एक काल्पनिक गृहस्थच नेमला होता, सवालीराम. पोरं त्याला पत्रं लिहायची आणि उत्तरं यायची! पन्नास वर्षांपूर्वी, टपालाने! पुढे १९८२ साली उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेने ते काम वाढवलं, आणि २००२ साली सरकारनेच ते बंद केलं. तीस वर्षं एका कामाला चिकटून राहणं तुमच्या आर्थिक वर्षात बसणार नाही, मला कळतं.

नाही, आता पुरे झाली ती सूचनांची नाटकं.

कुणी एकाने तरी यायच्या आधी आम्हाला विचारलं का, की बाबांनो, शिकवताना तुमचं अडतं कुठं? एकाने तरी आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसून बघितलं? ०.१२ हे ०.९ पेक्षा मोठं असं मुलं का म्हणतात, बल्बमध्ये वीज ‘संपते’ असं त्यांना का वाटतं, यावर जगभर अभ्यास झालाय. आपल्या मुंबईतलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच वाटेवर काम करतंय. तुमच्या स्लाइडमध्ये यातलं अक्षर नव्हतं. होतं काय? ‘शिक्षक हा दिवा आहे’. लाज वाटत नाही? सगळा खर्च बॅनरवर, फोटोवर आणि त्या चकचकीत अहवालावर केलात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते सातवीतलं पोरगं अजून पाचात दोन मोजत बसलंय. आम्हाला कामचुकार म्हणता, आणि स्वतः प्रश्न वाचायची तसदी घेत नाही!

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी तो अपूर्णांकांचा प्रश्न सहज काढला. शेजारच्या केंद्रातल्या एक बाई म्हणाल्या, “मी आधी भाकरी घेते. अर्धी खाल्ली, वर त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्ला, मग २/५ कसं होईल? ते तर अर्ध्याहूनही कमी! पोट भरलं की रिकामं झालं?” सगळे हसले. मी म्हटलं, “पण बाई, चेंडूंचं काय करायचं? तिथं तो बरोबर आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “हां, म्हणजे भाकरी एकच आहे आणि चेंडू...” एवढ्यात सुलभक धावत आले. “चला, चला सर, पुढचं सत्र सुरू होतंय. विषय आहे, परस्परांकडून शिकणे.”

बाईंचा नंबर घेतलाय. येत्या रविवारी फोनवर बोलायचं ठरलंय. तो तास पन्नासात धरता का, तेवढं कळवा.