टोपोलॉजीतला पेपर आणि गुणांचा तक्ता

प्राध्यापकांच्या नेमणुकीत गुणांचा तक्ता असावा की नसावा, हा वाद जानेवारी २०२५मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा मांडल्यापासून पुन्हा तापला. गुण मोजण्याऐवजी नऊ प्रकारच्या ‘उल्लेखनीय योगदानां’पैकी किमान चार दाखवा, असं मसुदा सुचवतो. तक्त्याची बाजू घेणारे म्हणतात, आकडा गेला की वशिला आलाच. इथे जर्मनीत बसून मला ही भीती झटकून टाकणं सोपं आहे, पण ती रास्त आहे. तरीही टोपोलॉजीच्या, म्हणजे आकार ताणला-वाकवला तरी न बदलणारे गुणधर्म अभ्यासणाऱ्या गणिताच्या शाखेच्या, बाबतीत हा तक्ता काय करतो, त्याचा हिशेब मांडून बघायला हवा.

२०१८च्या नियमांत विज्ञानातल्या एका पेपरला ८ गुण मिळतात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, तो आकडा) १पेक्षा कमी असेल तर त्यावर आणखी १०, १ ते २ असेल तर १५, २ ते ५ असेल तर २०. ‘अल्जिब्राइक अँड जॉमेट्रिक टोपोलॉजी’ हे कसून तपासणी करणारं, जाणकारांत मान असलेलं जर्नल, पण त्याचा आकडा १च्या खालीच राहतो. म्हणजे एकूण १८ गुण. आता तिघांनी मिळून लिहिलेला पेपर घ्या. पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के, इतरांना प्रत्येकी ३० टक्के. गणितात लेखकांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमे लावायची रीत आहे. कोणी किती काम केलं याचा त्याच्याशी संबंध नसतो. तेव्हा आपटे, कुलकर्णी आणि वैद्य यांनी सारखंच काम केलं, तरी पहिलं नाव म्हणून आपट्यांना १२.६ आणि वैद्यांना ५.४. प्राध्यापकपदासाठी १२० गुण लागतात. तिथवर पोचायला वैद्यांना दुपटीहून जास्त पेपर लागतील, ते केवळ आडनावामुळे.

इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरांना त्या वर्षी मिळालेले संदर्भच मोजतो. टोपोलॉजीत एखादी सिद्धता पचवून ती वापरायलाच वर्ष जातं, मग वापरणाऱ्याचा पेपर रेफरीकडे, म्हणजे छापण्याआधी तो तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, वर्ष-दोन वर्षं राहतो. तोवर मुदत संपलेली असते. त्याआधी दिलेले संदर्भ बऱ्याचदा आर्काइव्हवरच्या (संशोधक आपले पेपर छापण्याआधी खुले ठेवतात त्या संकेतस्थळावरच्या) प्रतीला असतात. ते जर्नलच्या खात्यात जमा होतातच असं नाही. रशियन गणितज्ञ पेरेलमानने टोपोलॉजीतल्या प्रसिद्ध पॉइंकारेच्या अटकळीची सिद्धता २००२-०३मध्ये तीन लेखांत आर्काइव्हवर ठेवली आणि कुठल्याही जर्नलकडे पाठवली नाही. तक्त्यात त्या कामाला शून्य. अमेरिकन गणितज्ञ एगोलने त्रिमितीय मॅनिफोल्डांबद्दलची (टोपोलॉजी अभ्यासते त्या त्रिमितीय अवकाशांबद्दलची) ‘व्हर्च्युअल हाकेन’ ही मोठी अटकळ सिद्ध केली, तो पेपर २०१३मध्ये ‘डॉक्युमेंटा मॅथेमॅटिका’त आला. जर्मन गणित मंडळाने सुरू केलेलं हे जर्नल वाचकाकडूनही पैसे घेत नाही, लेखकाकडूनही नाही. म्हणजे मोठं काम मोठ्या आकड्याच्या जर्नलातच येतं असं नाही.

शिवाय गणितात संदर्भ मुळातच थोडे, त्यामुळे आपसात एकमेकांचे दाखले देणारी छोटी टोळीसुद्धा संदर्भांच्या यादीत वर चढू शकते. म्हणूनच २०२३मध्ये, इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने सर्वाधिक संदर्भ मिळवणाऱ्या संशोधकांच्या यादीतून गणित हा विभागच वगळला.

इथे जर्मनीत संशोधनाला निधी देणाऱ्या डीएफजीने २०१०मध्येच अर्जदाराच्या परिचयात पाचपेक्षा जास्त पेपर नकोत असा नियम केला. नेमणुकीत बाहेरच्या तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागवतात. पण याला निर्दोष म्हणता येणार नाही. टोपोलॉजीच्या एखाद्या शाखेत जगभरात मोजकीच माणसं असतात, अभिप्राय देणारा बहुधा उमेदवाराच्या गाइडच्या ओळखीतलाच निघतो. कायम जागा इतक्या कमी की पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारांवर काढून बरेच चांगले लोक गणित सोडतात. वशिल्याची भीती इथेही पूर्ण गेलेली नाही, फक्त ती कागदावर उतरते आणि म्हणून तपासता येते.

माझं मत असं की तक्ता काढावा, पण ‘उल्लेखनीय’ एवढा सैल शब्दही त्याच्या जागी पुरणार नाही. उमेदवाराने पाच पेपर निवडावेत. राज्याबाहेरच्या तीन तज्ज्ञांना एकच नेमका प्रश्न विचारावा: या प्रमेयामुळे आज असं काय सिद्ध होतं, जे आधी होत नव्हतं? उत्तरं समितीच्या इतिवृत्ताला जोडावीत. संदर्भ मोजण्याऐवजी उघडून वाचावेत. प्रस्तावनेत दहा-बारा नावांच्या रांगेत आलेला उल्लेख म्हणजे शिष्टाचार. सिद्धतेच्या मध्यावर ‘अमुक पेपरच्या प्रमेय ३.२वरून’ असं आलं, तर काम खरोखर वापरलं गेलंय. स्वतःचे आणि सहलेखकांचे संदर्भ आधी बाजूला काढायचे. पाच पेपरांसाठी हे एका दुपारचं काम आहे. मॅथसायनेट या गणितातल्या पेपरांच्या आणि संदर्भांच्या सूचीची वर्गणी परवडत नसलेल्या महाविद्यालयालाही ते जमेल, कारण झेडबीमॅथ ओपन ही तशीच सूची २०२१पासून सगळ्यांना मोफत खुली आहे. आणि नवे नियम व्हायला कितीही वेळ लागो, गणितापुरतं ७०-३० रद्द करून सर्व सहलेखकांना समान वाटा देणारी दुरुस्ती यूजीसीला आजही करता येईल.